खुर्ची कशाची?

शेणानं सारवलेल्या जमिनीला खुर्ची सोसत नाही. माणूस पाटावर बसला की त्याचं वजन हातभर फळीवर पसरतं. खुर्चीवर बसला की तेच वजन चार टोकांवर येतं आणि काही दिवसांतच सारवणाला खळगे पडतात. माझ्या आजोळी, वेंगुर्ल्याच्या पलीकडच्या एका वाडीत, ओटीवर एकच खुर्ची होती आणि तिच्या पायांखाली चिऱ्याच्या कपच्या सरकवलेल्या असत. बाकी सगळं घर पाट, चटई, झोपाळा आणि पोफळीच्या रिपांच्या बाकड्यावर भागवायचं. बाकड्याचे पाय जमिनीत पुरलेले, झोपाळ्याला तर पायच नाहीत. कोकणातली माणसं साधी, म्हणून त्यांच्याकडे खुर्च्या नव्हत्या, असं हल्ली होमस्टेच्या माहितीपत्रकांत छापतात. साधेपणाचं मला ठाऊक नाही. जमीन मऊ होती हे नक्की. आधी कोबा आला, मग लादी आली, आणि त्यांच्या मागोमाग खुर्च्या घरात शिरल्या.

मी खुर्च्या बनवते. मुंबईत शिकले, तिथल्याच एका ऑफिसात काही वर्षं स्क्रीनवर खुर्च्या काढल्या आणि मग कुडाळ रस्त्यालगत एक पत्र्याची शेड भाड्यानं घेतली. ऑफिसातली रीत अशी होती: आधी आकार काढायचा, तो साहेबांना पसंत पडला की बाजूच्या यादीतून सामान निवडायचं. एका क्लिकवर साग, दुसऱ्यावर स्टील, तिसऱ्यावर पिवळं प्लास्टिक. आकार तोच राहायचा, फक्त कातडी बदलायची. शेडमध्ये माझ्याबरोबर काम करणारे मेस्त्री सत्तरीच्या पुढचे आहेत. माझा कागद ते हातात घेतात, उलटसुलट करून बघतात आणि दर वेळी एकच विचारतात, "बरां आसा. पण कशाची?" कशाची ते ठरल्याशिवाय पाय किती जाड, पाठ किती कलती, सांधा कुठे घ्यायचा, यातलं काहीच ठरत नाही. आणि ते ठरलं की, माझा अनुभव असा, आकाराचं फारसं काही आपल्या हातात उरत नाही.

लाकडाचंच घ्या. झाड तोडल्यावरही लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. पण सगळीकडून सारखं नाही. रेषांच्या दिशेनं ते जवळजवळ हलतच नाही. आडवं मात्र फुगतं आणि आकसतं. रत्नागिरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. जूनमध्ये दारं चौकटीत अडकतात ती यामुळेच. आता बैठकीची रुंद फळी चारही बाजूंनी चौकटीत घट्ट ठोकून बसवली, तर श्रावणापर्यंत एक तर फळी पोट काढते, नाहीतर चौकटीचा सांधा उघडते. म्हणून मेस्त्री चौकटीला आतून खाच पाडतात आणि फळी त्यात सैल सोडतात, सरस न लावता. "तिका जागा ठेव, नायतर ती आपली जागा आपणच करून घेतली," हे त्यांचं वाक्य मी शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला ऐकवते. जुन्या फर्निचरचा जो 'जुना' चेहरा आपल्याला भावतो, त्या चौकटी, त्यांत खोलगट बसलेल्या फळ्या, उभ्या पट्ट्यांच्या पाठी, त्यातला बराचसा भाग हा फुगणाऱ्या लाकडाला करून दिलेली वाट आहे. कोण्या कारागिराच्या सौंदर्यदृष्टीचं कौतुक करताना थोडं श्रेय पावसालाही द्यायला हवं.

त्यातही जातीजातीचा फरक. साग कमी हलतो, अंगात तेल असल्यामुळे वाळवी आणि पाणी दोन्हींना दाद देत नाही, म्हणून त्याचा एवढा मान. फणसाचं लाकूड पिवळंधमक, रंध्याखाली गोड चालतं, पाटांना उत्तम. आंबा स्वस्त पडतो, पण त्याला किडा फार लवकर सापडतो.

ओटीवरची ती एकुलती खुर्ची सागाची आरामखुर्ची होती, लांब हातांची, वेतानं विणलेली. वेताची बैठक ही वाऱ्यासाठी, असं सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. दमट हवेत अंगाखाली जाळी असणं हे सुख आहे. पण वेताचा स्वभाव चौकटीवर काय लादतो, ते सहसा कुणी बघत नाही. वेताची पट्टी फक्त ताण घेऊ शकते. ती ओली करून विणतात, वाळताना ती आवळते, आणि मग चौकटीच्या चारही बाजूंना सतत आत ओढत राहते. माणूस बसला की ओढ आणखी वाढते. म्हणून वेताच्या खुर्चीची चौकट जाड लागते आणि कडेनं ओळीत भोकं पाडल्यावरही तिच्यात जीव उरावा लागतो. त्या आरामखुर्चीच्या भारदस्तपणाचं निम्मं कारण तिच्या बैठकीतल्या नाजूक जाळीत आहे. हे विणकाम अंध विद्यार्थ्यांच्या शाळांतून शिकवलं जात आलं आहे, आणि ज्यांनी बोटांनी पट्टीचा ताण जोखला आहे त्यांच्या विणीला माझी वीण कधी पुरी पडली नाही. पावसाळ्यात वेतावर बुरा धरतो. तो सुक्या फडक्यानं पुसायचा, उन्हं आली की खुर्ची खळ्यात काढायची. एवढी सेवा करायला घरात माणूस लागतं, आणि आता घरात माणसं कमी.

लाकडाला वाकवायचं ठरवलं तर काय होतं, त्याची गोष्ट मुंबईच्या इराणी हॉटेलांत ठेवलेली आहे. आमच्या भागातल्या कितीतरी चाकरमान्यांनी चहाबरोबर ती खुर्ची पाहिली असेल: काळपट, गोल बैठकीची, पाठीला वाकवलेल्या काठीची कमान. तिचं मूळ घराणं मिखाएल टोनेट या जर्मन सुताराचं. त्यानं आधी लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसात भिजवून, एकावर एक चिकटवून वाकवल्या. खुर्च्या देखण्या झाल्या. पण तो सरस जनावरांच्या हाडाकातड्याचा, दमट हवेत मऊ पडणारा. जहाजानं दूर उष्ण देशांत गेलेल्या खुर्च्या सुटू लागल्या. म्हणजे त्याला अडवलं ते आमच्याकडच्यासारख्याच हवेनं, हे मला दर वेळी वाचताना बरं वाटतं. मग त्यानं सरसच काढून टाकला आणि अख्खी काठी वाफेवर वाकवायचं ठरवलं.

यात एक मेख आहे. वाफवलेलं लाकूड दाबलं तर बरंच दबतं, पण ताणलं तर जवळजवळ ताणलं जात नाही. काठी वाकवली की आतली बाजू दबते, बाहेरची ताणते, आणि बाहेरून ती चिरफाळते. टोनेटनं काठीच्या बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टी आवळली, दोन्ही टोकांना अडसर दिले. आता बाहेरची बाजू लांबूच शकत नाही. सगळं वाकणं आतल्या बाजूच्या दबण्यातून होतं. १८५६ मध्ये त्याला या पद्धतीचे हक्क मिळाले, आणि मोरावियात, म्हणजे आजच्या चेक देशात, बीच नावाच्या झाडाची जंगलं होती तिथंच कारखाना उभा राहिला, कारण बीच या वाफेला राजी असतो. १८५९ ची त्याची १४ नंबरची खुर्ची म्हणजे लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट. सांधे सरसाचे नाहीत, स्क्रूचे. म्हणून सुटी करून पाठवता येते. एक घनमीटरच्या खोक्यात अशा ३६ खुर्च्या मावत. १९३० पर्यंत सुमारे पाच कोटी विकल्या गेल्या. पुढे घरोघरी सुटे भाग पाठवून पाना हातात देणारा जो धंदा झाला, त्याची मुळं या खोक्यात आहेत. आणि ती कमान? दागिना म्हणून कुणी काढलेली नव्हती. वाफवलेल्या बीचच्या काठीला जेवढं वाकवत होतं, तेवढी ती वाकली.

सागाकडून एवढं वाकणं होत नाही. म्हणून १९५० च्या दशकात चंडीगढच्या सरकारी कचेऱ्यांसाठी पिएर जानरे या स्विस वास्तुकारानं सागाच्या आणि वेताच्या खुर्च्या काढल्या, तेव्हा त्या सरळ रेषांच्या झाल्या, उलट्या व्हीसारख्या जाड पायांच्या, गावातल्या सुताराला करवत-रंध्यानं करता येतील अशा. पुढे त्याच खुर्च्या भंगारात गेल्या आणि तिथून परदेशी लिलावांत. त्यांच्या नकलांची ऑर्डर माझ्याकडेही येते. मेस्त्री ती खुशीनं करतात, कारण त्यांच्या मते ती 'आपलीच, शाळेतल्या हेडमास्तरांची' खुर्ची आहे.

आता लोखंड. १९२५ मध्ये जर्मनीत देसाऊच्या बाउहाउस या डिझाइनच्या शाळेत शिकवणाऱ्या मार्सेल ब्रॉयरनं नवी सायकल घेतली आणि तिच्या वाकवलेल्या हँडलकडे बघून त्याच्या डोक्यात आलं की ही नळी खुर्चीला का नको. पोलादी नळी हलकी, पोकळ, आणि थंडपणीच वाकते. लाकडाला जिथं जिथं दोन भाग जोडायला सांधा लागतो, तिथं नळी नुसती वळण घेते. मग सांधे कमी झाले, पाय आणि हात यांतला भेद गेला, एकच रेघ जमिनीवरून उठून पाठीपर्यंत जाऊ लागली. १९२६ मध्ये मार्ट स्टामनं गॅसच्या पाइपांचे तुकडे जोडून मागचे पाय नसलेली खुर्ची उभी केली. लाकडात ही खुर्ची सुचलीच नसती. सुचली असती तर पहिल्या जाड माणसाबरोबर गेली असती. ब्रॉयरनं १९२८ मध्ये अशाच झुलत्या नळीला वेताची बैठक दिली, आणि नव्या-जुन्याची ती जोडी माझ्या मते अजून कुणी मागे टाकलेली नाही.

फक्त ती वेंगुर्ल्याला आणू नका. समुद्रापासून किलोमीटरभर आत असलात तरी मीठ हवेतून येतंच, आणि नळी आतून पोकळ असते हा जो तिचा गुण, तोच इथं तिचा घात करतो. बाहेरून पावडर कोटिंग छान चकाकत असतं. पायाच्या टोकाला रबराचं बूच असतं, त्या बुचात पाणी साचतं आणि गंज आतून वर चढतो. दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. मंडपवाल्याच्या घडीच्या खुर्च्या बघा, त्यांचे पाय नेहमी तळाशीच खाल्लेले असतात. यावर स्टेनलेस स्टील हा उपाय आहे, पण त्यातही ३०४ प्रतीवर खाऱ्या हवेत चहाच्या रंगाचे डाग उठतात. दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम घातलेलं ३१६ टिकतं, आणि त्याचा भाव ऐकून गिऱ्हाईक पुन्हा प्लास्टिककडे वळतं. अल्युमिनियम गंजून पडत नाही, मात्र त्यात कुणी स्टेनलेसचा स्क्रू मारला की खाऱ्या ओलीत त्या स्क्रूभोवतीचं अल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन सुटायला लागतं. दोन धातूंना ओलं मीठ एकत्र भेटलं की त्यांतला एक दुसऱ्यासाठी झिजतो, हा बॅटरीचा नियम आहे आणि खुर्चीलाही तो लागू आहे.

फिनलंडच्या आल्वार आल्तोनं स्टील नाकारलं ते वेगळ्या कारणानं. पायमियोच्या क्षयरुग्णालयासाठी १९३०-३३ च्या सुमारास खुर्च्या करताना त्याला नळी रुग्णांच्या अंगाला फार गार वाटली. त्यानं बर्चचं प्लायवूड गुंडाळीसारखं वाकवून बैठक आणि पाठ सलग केली. तिथं स्टील गार लागतं, आमच्याकडे मे महिन्यात अंगणातल्या खुर्चीचा दांडा भाजतो, निकाल एकच.

प्लायवूडची पुढची मजल अमेरिकेत चार्ल्स आणि रे ईम्स यांनी गाठली. पण त्यांनाही प्लायवूडनं अडवलं. पातळ पापुद्र्यांचा थर एका दिशेनं वाकतो. एकाच वेळी दोन दिशांना खोल वाटीसारखा करायला गेलं की चिरतो. बैठक आणि पाठ एकसंध करायचा त्यांचा प्रयत्न तिथंच फसला, म्हणून १९४० च्या दशकातल्या त्यांच्या खुर्चीत बैठक वेगळी आणि पाठ वेगळी आहे. ती सगळ्या जगाला देखणी वाटली. एकसंध वाटी त्यांना मिळाली ती १९५० मध्ये, फायबरग्लासची. (याच जोडप्यानं १९५८ मध्ये भारत सरकारला जो अहवाल दिला, त्यातून अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.) गंमत म्हणजे वेंगुर्ल्याच्या बंदरावर होडीला फायबरचं ठिगळ लावणारा माणूस हेच काम रोज करतो: काचेच्या धाग्याची चटई, वर रेझिन, ब्रशनं दाबत दाबत हवा काढायची. त्याच्याकडून मी वाटीसारखी एक बैठक करून घेतली. उत्तम झाली. पण होडीला आतून कुणी हात फिरवत नाही, खुर्चीला फिरवतात, आणि तो खरखरीत मागचा भाग घासून गुळगुळीत करताना अंगाला जी खाज सुटली तिनं माझा उत्साह ओसरला.

प्लास्टिकच्या खुर्चीबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण माझ्या धंद्यातली माणसं तिचं नाव निघालं की नाक मुरडतात. आकाराच्या प्रामाणिकपणात मी तिला सागाच्या बरोबरीनं बसवते. एकाच तुकड्याची, पाय-पाठ-हात सगळं सलग असलेली खुर्ची करायची धडपड फार जणांनी केली. डेन्मार्कच्या व्हेर्नर पँटनची नागमोडी खुर्ची १९६७ मध्ये बाजारात आली, पण तिला मानवणारं प्लास्टिक सापडायला फार वर्षं गेली; मधल्या काळात एका जातीच्या प्लास्टिकच्या खुर्च्या जुन्या होऊन तडकू लागल्या आणि १९७९ मध्ये उत्पादनच थांबवावं लागलं. १९९९ पासून ती पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची निघते. पँटनचा आकार आधी ठरला होता आणि सामान नंतर शोधलं गेलं, हे मला त्या सगळ्या कटकटीचं मूळ वाटतं.

उलट १९७२ मध्ये फ्रान्सच्या आंरी मासोनेनं जी हातांची खुर्ची काढली, आणि जिची लेकरं आज आमच्या प्रत्येक गणपतीत, बारशात, ग्रामसभेत आणि तेराव्याला हजर असतात, तिचा आकार पॉलिप्रॉपिलीननंच काढलेला आहे. वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबानं शिरतं आणि दोनेक मिनिटांच्या आत अख्खी खुर्ची बाहेर येते. त्यासाठी जाडी सगळीकडे सारखी आणि बेताची लागते. कुठे जाड केली तर तो भाग उशिरा निवतो आणि आत खड्डा ओढतो. मग एवढ्या पातळ भिंतीनं माणूस कसा पेलायचा? दुमडून. सपाट कागद उभा राहत नाही, घडी घातली की राहतो. म्हणून या खुर्चीचे पाय भरीव नसतात, काटकोनात दुमडलेले असतात, आणि बैठकीच्या कडा खाली वळलेल्या असतात. साच्यातून सुटून यावी म्हणून प्रत्येक भिंत किंचित कलती. कलती म्हणूनच एकात एक बसते आणि मंडपवाल्याच्या टेम्पोत शंभरांची चळत मावते. पाठीच्या फटींनी सामान वाचतं, पावसाचं पाणी वाहून जातं, पाठीला वारा लागतो. साचा महाग आणि खुर्ची स्वस्त. त्यामुळे ती लाखांनी खपवायलाच लागते. तिच्यात एकही रेघ हौसेची नाही. नंतर काही कारखान्यांनी तिच्या पाठीवर वेताच्या विणीचा छाप उठवला, तेव्हा कुठे ती खोटी दिसायला लागली.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. पाणी उतरल्यावर मावशीकडे घर उपसायला गेले, तेव्हा या सगळ्या सामानांची जणू परीक्षाच तिथं होऊन गेली होती. भुशाच्या दाबलेल्या बोर्डाचं टीव्ही कॅबिनेट आणि कपाट फुगून, कडा फुटून, लापशी होऊन खाली बसलं होतं. साध्या प्लायवूडचे थर सुटले होते; मरीन प्रतीचं, आयएस ७१० छाप असलेलं स्वयंपाकघरातलं प्लाय मात्र धुतल्यावर उभं राहिलं. सागाच्या खुर्च्यांचं पॉलिश गेलं, एकदोन सांधे ढिले झाले, चिखल धुऊन सावलीत वाळवल्यावर त्या पुन्हा बसण्यालायक झाल्या. आणि प्लास्टिकच्या खुर्च्या? त्या घरात नव्हत्याच. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं. त्या तरंगत दारातून निघून गेल्या होत्या आणि तिसऱ्या गल्लीत कुणाच्या तरी कंपाउंडला अडकलेल्या सापडल्या, कुणाच्या कुणाच्या मिसळून. कोणती कुणाची हे ओळखता येईना, तेव्हा मावशीनं रंग बघून मोजून घेतल्या. हेही त्या सामानाचं लक्षणच: वस्तूला घर लागत नाही.

तिचा खरा दोष पाण्यात नाही, उन्हात आहे. दोन-तीन उन्हाळे अंगणात काढले की पृष्ठभाग पांढुरका पडतो, हात फिरवला तर भुकटी लागते, आणि एके दिवशी मागचा पाय कडकन जातो. स्वस्त खुर्चीत खडूची भर जास्त घातलेली असली तर आणखी लवकर. मोडलेली सागाची खुर्ची मेस्त्री दुरुस्त करतात. मोडलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीला आमच्याकडे गरम सुईनं भोकं पाडून तारेनं शिवतात, आणि तीही गेली की ती परसात, मग वहाळात, मग समुद्रात. तिचा आकार मी मानते. तिचं मरण मला सहन होत नाही. मेस्त्री, ज्यांनी आयुष्यभर सागाच्या खुर्च्या केल्या, ते स्वतः रंधा मारून दमले की निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकतात. "हलकी आसा," एवढंच.

तारकर्लीपासून गुहागरपर्यंतच्या रिसॉर्टांत जे 'विकर' म्हणून ठेवलेलं असतं त्याबद्दल चार ओळींपलीकडे लिहायची माझी इच्छा नाही. अल्युमिनियमच्या सांगाड्यावर प्लास्टिकची पट्टी वेतासारखी विणलेली. वेत ओला करून आवळतो म्हणून त्याची वीण तशी. या पट्टीला आवळायचं काही कारणच नाही, तिला हवी तशी वीण घालता आली असती. कुणी घातली नाही.

मग आमच्याकडचं, आजचं सामान कोणतं? दोडामार्गाकडे रबराच्या बागा झाल्या आहेत आणि म्हाताऱ्या झाडांचं फिकट लाकूड फर्निचरला चांगलं चालतं, पण तोडल्याबरोबर बोरॉनचं पाणी पाजलं नाही तर किडा आणि बुरशी दोघं टपलेले असतात. मी मन घातलंय ते बांबूत, त्यातही माणग्यात. सिंधुदुर्गात बांधाबांधाला हे बेट असतं, काटे नसलेलं, काठी अंगठ्याएवढ्या जाडीपासून मनगटापर्यंत, आणि बुडाकडे जवळजवळ भरीव. २०१७ मध्ये १९२७ च्या वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेर लावलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला, तेव्हापासून तो तोडणं-नेणंही सोपं झालं. कुडाळची कोनबॅक ही संस्था याच बांबूवर काम करत आली आहे.

बांबूच्या नावानं बाजारात जे सोफे मिळतात ते मला बघवत नाहीत. सागाच्या सोफ्याचा आकार घ्यायचा आणि तो जाड बांबूत उतरवायचा, जिथं सांधा जमत नाही तिथं खिळा मारून वर वेत गुंडाळायचा. "खिळो मारलंस काय फाटलो," मेस्त्री म्हणतात, आणि फाटतोच, कारण बांबूचे सगळे तंतू लांबीच्या दिशेनं जातात. आडवं धरून ठेवणारं त्याच्यात काही नाही. ओढायला तो जबरदस्त, फोडायला अगदी सोपा. पोलादी नळीशी त्याचं साम्य दिसण्यापुरतं आहे. नळी सगळ्या दिशांना सारखी असते, म्हणून तिला हवं तिथं भोक पाडा, हवी तशी वळवा. ब्रॉयरची रेघ बांबूला काढता येत नाही.

मग बांबूला काय जमतं? सरळ राहायला, लांबीनं दाब आणि ताण घ्यायला, आणि संख्येनं काम करायला. एका जाड पायाऐवजी दोन बारीक काठ्या शेजारी शेजारी. आडवी काठी त्या दोघींच्या मधून जाते आणि वरून आवळून बांधली जाते. भोक नाही, खिळा नाही, त्यामुळे फाटण्याचा प्रश्नच उठत नाही. जिथं जोर येतो तिथं चौकोन न ठेवता त्रिकोण करायचा. अशी खुर्ची कागदावर काढली तर रेघांची गर्दी वाटते, उचलली तर हलकी लागते. माणगा बुडाकडे भरीव असल्यामुळे टोकाला कूस, म्हणजे खाचेत बसणारी जीभ, काढून बसवण्याची चैनही अधूनमधून करता येते, तीही बाहेरून दोर आवळून.

बांबूला किडा लागतो तो त्याच्यातल्या पिठासाठी. जुनी माणसं पावसानंतर, तीन वर्षांची काठी बघून तोडत आणि वहाळाच्या वाहत्या पाण्यात भिजत घालत. पीठ धुऊन जायचं. तोड अमावास्येच्या आसपासच करायची असाही दंडक होता. त्यावर मी मेस्त्रींशी वाद घालत नाही, अमावास्या महिन्यातून एकदा येतेच. आम्ही बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्याची टाकी केली आहे.

बैठकीसाठी पहिला विचार काथ्याचा केला होता. काथ्या खाऱ्या पाण्यात टिकतो, म्हणून तर होड्यांचे दोर त्याचे असत. पण तो टोचतो, आणि हाफ पँट घातलेल्या पर्यटकाच्या मांड्यांना परंपरा समजावून सांगता येत नाही. मग बंदरावरच्या दुकानातला जाळ्याचा दोर घेतला. नायलॉन ओला झाला की ताणतो आणि बैठक खड्डा धरते. पॉलिथिनचा दोर पाणीच पीत नाही, ताण धरून ठेवतो, फक्त गाठ घसरते, तिला दुहेरी घ्यावी लागते. ती गाठ मला एका खलाशानं शिकवली. आणि इथं जुनं दुखणं पुन्हा आलंच: दोर चौकटीला आत ओढतो, वेतासारखाच. सागानं तिथं जाड चौकट दिली होती. बांबू जाडी देऊ शकत नाही, पण लांबीनं दाबलं तर तो हटत नाही. म्हणून बैठकीखाली, ओढीच्या विरुद्ध, दोन काठ्या फुलीसारख्या तिरप्या घातल्या. त्या दिसतात. एका होमस्टेवाल्या वहिनींनी विचारलं, या लपवता येतील का. मी नाही म्हटलं. त्यांनी तरीही घेतल्या, पण भाव पाडून.

अजून सुटलेलं नाही ते पायाच्या टोकाचं. कापलेल्या टोकातून बांबू पाणी ओढतो, आणि आमच्या पडव्या चार महिने ओल्या असतात. मेस्त्रींचं म्हणणं, टोकात खैराचा खुंट ठोकावा, खैराला पाणी काही करत नाही. माझं म्हणणं, खुंट फुगला की काठीला फोडेल. मी रबराचं बूच सुचवलं, तर त्यांनी मंडपवाल्याच्या खुर्च्यांचे खाल्लेले पाय दाखवले. तेव्हा यंदा काहींना खैर, काहींना तळाला भोक पाडलेलं बूच, आणि सगळ्या मिरगाच्या आधीच शेडबाहेर पागोळ्यांखाली मांडून ठेवायच्या. दिवाळीपर्यंत ऑर्डर घेत नाही, असं गिऱ्हाइकांना कळवलंय.